डायनोवर इंजिन का बसतं?

गेल्या महिन्याभरात एकाच विषयावर इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. कारण कळण्यासारखं आहे. रोलरवर बांधलेल्या मोटरसायकलचं इंजिन फुटून तेल पेट घेतं, असा एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. तो पाहून पाचोऱ्यापासून शिरपूरपर्यंत वाचकांनी हेच विचारलंय: भाऊ, डायनोवर गाडी चढवली की इंजिन बसतं का, म्हणजे पिस्टन अडकून जाम होतं का?

डायनो म्हणजे डायनॅमोमीटर, इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र. मी चिंचवडला एका कारखान्याच्या टेस्ट बेडवर नऊ वर्षं काढली. मग जळगावला अजिंठा चौफुलीजवळ इंजिन बांधायचं वर्कशॉप टाकलं आणि तिथं ट्रॅक्टरच्या पीटीओला (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) जोडायचा पाण्याचा डायनो बावीस वर्षं चालवला. आता वर्कशॉप मुलगा बघतो. जे लिहितोय ते या अनुभवावरून.

प्रश्न : वडिलांची कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट आहे. मागच्या वर्षी बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, मोठा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. आता पुण्याला नेऊन डायनोवर ट्यून करून घ्यायची आहे. मित्र म्हणतो, "तिथं इंजिनाची वाट लागते, नेऊ नको." काय करू?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : मित्र उगाच घाबरवत नाही. पाचोरा-जळगाव रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलेटर उघडून सलग दहा सेकंद तरी गाडी चालवायला मिळते का, आठवून पाहा. समोर एसटी येते, मग कापसाची ट्रॉली, मग गावातला गतिरोधक. डायनोवर मात्र गिअर एकच ठेवून खालच्या आरपीएमपासून (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांपासून) थेट वरपर्यंत पूर्ण उघडतात. याला रन म्हणतात, आणि तसं एकदा नाही, दहा-बारा वेळा. तुमच्या इंजिनाला वर्षभरात जेवढं पूर्ण ताकदीचं काम पडत नाही, तेवढं एका दुपारी पडतं. कुठे काही कच्चं असेल तर ते त्या दुपारी बाहेर येतं.

बुलेटच्या बाबतीत तीन गोष्टी मला काळजीच्या वाटतात.

पहिली म्हणजे वारा. तुमचं इंजिन वाऱ्यानेच थंड होतं. ताशी ८० किलोमीटरने जाताना बॅरलवर (सिलिंडरवर) सेकंदाला २२ मीटर वेगाचा वारा आदळतो. रोलरवर गाडी जागेवर उभी असते. समोर एक साधा उभा पंखा ठेवला असेल, तर त्याचा वारा याच्या चौथ्या हिश्शाचाही नसतो. त्यात तुमचं बॅरल बिडाचं आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोअर करताना पिस्टन आणि बॅरल यांच्यातली फट जरा घट्ट ठेवली गेली असेल, तर रस्त्यावर कधीच न जाणवलेला तो घट्टपणा तिसऱ्या-चौथ्या रनला पिस्टन पकडतो. म्हणून आधी ज्यानं बोअर केलं त्याला फट किती ठेवली ते विचारा, आणि आकडा वहीत लिहून घ्या. त्याला आकडा सांगता येत नसेल तर डायनोची तारीख पुढे ढकला.

दुसरी म्हणजे आरपीएम. या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. ५,००० आरपीएमला पिस्टन सरासरी सेकंदाला १५ मीटरने वर-खाली धावतो. कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे आरपीएम १० टक्के वाढवले की ताण २१ टक्क्यांनी वाढतो. आणि कारखान्यातून आलेल्या जुन्या बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला, रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश (मोकळं फिरणारं धातूचं कडं) असतो. तो शांत चालीसाठी फार चांगला, पण सतत वरच्या आरपीएमला तो टिकत नाही. सायलेन्सर बदलल्यावर आवाज दणकेबाज येतो, आणि ट्यून करणाऱ्या पोराला वाटतं इंजिन अजून वर जाईल. तुमच्या इंजिनाची ताकद कारखान्याच्या हिशोबाने ५,६२५ आरपीएमला पूर्ण होते. त्याच्या वर नेऊन हाती काही लागत नाही. रन सुरू होण्याआधी वरची मर्यादा तुम्ही तोंडाने सांगा आणि कॉम्प्युटरवर ती घातलेली स्वतः बघा.

तिसरी म्हणजे मिश्रण. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद देताना हवा थोडी कमी आणि पेट्रोल थोडं जास्त लागतं, साधारण साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. हवा जास्त झाली की इंजिन कोरडं चालतं, तापतं, आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडणं) सुरू होतं. मोठा कार्बोरेटर आणि मोकळा सायलेन्सर लावल्यावर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) जुनाच राहिला असेल, तर तुमची गाडी आत्ताही कोरडी चालत असणार. शिवाय आता पंपावर जे मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोल पुरतं जळायला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी इंजिनाला ते सात-आठ टक्के कमी पडतं. तुमच्या वडिलांच्या काळात बसवलेला जेट आता अपुरा आहे, हे धरूनच चला.

म्हणून पहिल्या रनलाच पूर्ण अ‍ॅक्सिलेटर उघडू देऊ नका. आधी अर्ध्या उघडीवर, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून मिश्रण बघायला सांगा. कोरडं दिसलं तर जेट बदला, मग पुढे जा. जेटचे तीन-चार आकार सोबत घेऊन जा. ते पुण्यात ऐन वेळी मिळाले नाहीत की "चालतंय, एक रन मारून बघू" असं होतं, आणि इंजिनं जातात ती याच एका रनला.

आणखी एक विचारा, डायनो कोणत्या प्रकारचा आहे? नुसता जड ड्रम फिरवायचा असेल तर रन आठ-दहा सेकंदांत संपतो. विजेच्या ब्रेकने इंजिन एकाच आरपीएमवर धरून ठेवणारा असेल तर ट्यूनिंग जास्त बारकाईनं होतं, पण उष्णताही तितकीच साठते. दोन रनमध्ये मी कमीत कमी पाच मिनिटं मागितली असती, इंजिन मंद चालू आणि पंखा पूर्ण वेगात ठेवून.

हे सगळं सांभाळणारा माणूस मिळाला तर जरूर जा. नीट ट्यून झालेली बुलेट आत्ताच्यापेक्षा थंड चालेल आणि जास्त वर्षं टिकेल. कोरड्या मिश्रणावर ती रोज चालवणं हा त्या दुपारपेक्षा मोठा धोका आहे. चेन आणि मागचा टायर मात्र नवा घालून न्या, आणि रन चालू असताना मागच्या चाकाच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. आमच्या लॅबमध्ये ५ एचपीच्या डिझेल इंजिनाला दोरीचा ब्रेक लावून ताकद मोजतात. हाही डायनोच का? याने इंजिन खराब होऊ शकतं का?
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : डायनोच, आणि सगळ्यांत समजायला सोपा. फ्रान्समध्ये प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून ताकद मोजली. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये पाण्याचा ब्रेक काढला. माझा ट्रॅक्टरचा डायनो त्याच घराण्यातला.

हिशोब एकदा हाताने करून बघा. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. ९,५४९ ला ३.७ ने गुणून १,५०० आरपीएमने भागलं की टॉर्क साडेतेवीस न्यूटन-मीटर येतो. ड्रमची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल, तर दोरीच्या दोन टोकांतला फरक १६ किलोच्या आसपास भरायला हवा. तुमच्या काट्यावर २२ किलो दिसले तर आकडा वहीत उतरवायच्या आधी काटा तपासा, कारण इंजिन खरोखर तेवढं ओढत असेल तर ते मर्यादेबाहेर चाललंय.

लॅबमध्ये इंजिनाचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा वजनं भराभर उतरवल्याने. भार एकदम गेला की इंजिन उसळतं. गव्हर्नर (फेरे आवरणारा भाग) अडकलेला असेल तर त्याला कुणी आवरत नाही. वजनं एकेक करून उतरवा, आणि ड्रममधलं पाणी सुरू आहे ना ते आधी बघा. दोरी जळाल्याचा वास हा प्रयोगाचा भाग नाही.

प्रश्न : ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं फुल इंजिन काम केलं. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन, रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड केला. आमचा मेस्त्री म्हणतो, तीन दिवस नुसता रिकामा चालू ठेवा, लोड अजिबात देऊ नका. जळगावचा दुसरा मेस्त्री म्हणतो, पीटीओवर डायनो लावून बघू. नवीन इंजिन पकडलं तर? शिवाय माझ्या भावाच्या अशाच ट्रॅक्टरला डायनोवर ३४ च एचपी भरले. म्हणजे त्याचं इंजिन गेलं का?
– एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : आधी भावाचं, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. ४५ एचपी हा इंजिनाचा आकडा आहे. पीटीओपर्यंत येताना गिअर आणि बेअरिंग आपला वाटा खातात, त्यामुळे धडधाकट ट्रॅक्टर पीटीओवर ३८-४० दाखवतो. नुकतंच बांधलेलं इंजिन घट्ट असतं, ते अजून थोडं कमी दाखवतं. उन्हाळ्यात मोजलं असेल तर आणखी थोडं. ३४ कमी आहेत, पण इंजिन गेल्याची ती खूण नाही. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पंपाचं टायमिंग या क्रमाने बघायला सांगा. पन्नास तास काम झाल्यावर परत मोजा.

आता तुमचं. तीन दिवस रिकामं इंजिन चालवणं हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. रिंगा लायनरला दाबून धरतो तो त्यांच्या मागे शिरणारा जळणाचा दाब. लोड नसेल तर दाब नाही, दाब नसेल तर रिंग लायनरवर घासून बसत नाही. होनिंगच्या (लायनर आतून घासताना पाडलेल्या) बारीक तिरप्या रेघांवर तेल भाजून काचेसारखा थर चढतो, आणि मग ते इंजिन जन्मभर तेल खातं. असे ट्रॅक्टर माझ्याकडे परत यायचे, नवे लायनर घालून तीनच महिने झालेले, आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर निघत असायचा.

म्हणजे लोड हवा, पण पायरीपायरीने. मी असं करायचो : पाणी ७०-८० अंशांवर येईपर्यंत मध्यम आरपीएमला रिकामं. मग पाव लोडवर अर्धा तास. थांबवून सगळ्या जोडांवरून हात फिरवायचा, तेल-पाण्याची गळती बघायची. मग अर्ध्या लोडवर तासभर, मग पाऊण. पूर्ण लोड पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि तोही सगळे काटे जागेवर असतील तरच. डायनो याच कामासाठी सोन्यासारखा आहे, कारण शेतात पाव लोड, अर्धा लोड असं मोजून देता येत नाही. नांगर जमिनीत घुसला की जेवढा लागेल तेवढा लोड पडतोच.

मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला ट्रॅक्टर तपासायची केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं ट्रॅक्टर पूर्ण ताकदीवर तासन्‌तास चालवून बघतात. इंजिन चांगलं असेल आणि त्याला तेल-पाणी बरोबर मिळत असेल, तर डायनो त्याला मारत नाही.

हे इतक्या ठामपणे लिहितोय, आणि तरी माझ्या हातून एक इंजिन डायनोवर बसलंय. तेही सांगायलाच हवं, कारण तुमची भीती अगदी तीच आहे.

जून महिना होता, मृगाचे ढग जमलेले. यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर मी बांधून दिला होता. त्यांना दोन दिवसांत पेरणीला ट्रॅक्टर हवा होता. पाव, अर्धा, पाऊण लोड सगळं नीट पार पडलं. पूर्ण लोड दिला आणि एचपीच्या काट्याकडे बघत बसलो, कारण आकडा छान वर चढत होता. रेडिएटरच्या खालच्या पाइपाचा क्लॅम्प सैल राहिला होता, तिथून पाणी वाहत होतं. पण पाण्याच्या डायनोतून निचऱ्याचं पाणी सतत जमिनीवर पडतंच, त्यामुळे ओली फरशी बघून कुणालाच शंका आली नाही.

आणि टेंपरेचरचा काटा? तो खाली आला. मला वाटलं, बरंय, इंजिन थंड चाललंय. त्या काट्याचा सेन्सर हेडमधल्या पाण्यात बुडालेला असतो. पाणीच खाली गेलं की तो वाफेत, हवेत लटकतो आणि कमी तापमान दाखवतो. इंजिन आतून जळत होतं आणि काटा मला सांगत होता की सगळं ठीक आहे.

मग आवाज जड झाला. आरपीएम शंभर-दीडशेने उतरले. मी गव्हर्नरकडे हात नेला. लोड काढायला हवा होता, मी डिझेल वाढवायला गेलो. दहाएक सेकंदांत तिसऱ्या नंबरचा पिस्टन लायनरला चिकटला आणि इंजिन जागच्या जागी उभं राहिलं.

ते शेतकरी मागे बाकावर बसले होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, आवाज बदलना व्हता. तुमले आयकू नही उना का?"

ऐकू आला होता. मी आकड्याकडे बघत होतो.

किटचे आणि कामाचे पैसे मी भरले, त्यांच्या पेरणीला माझ्या मेव्हण्यांचा ट्रॅक्टर पाठवला. त्यानंतर वर्कशॉपमध्ये तीन गोष्टी बदलल्या. डायनोचं निचऱ्याचं पाणी पाइपाने बाहेर नेलं, म्हणजे ट्रॅक्टरखाली एक थेंब दिसला तरी तो ट्रॅक्टरचाच असणार. रेडिएटरची वरची टाकी कमी भरली की वाजणारी घंटी लावली. आणि रन चालू असताना एक माणूस फक्त इंजिनाजवळ उभा करायचो. त्याने एकाही काट्याकडे बघायचं नाही, इंजिनाचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, आणि काही वेगळं वाटलं तर हात वर करायचा. हात वर झाला की का ते न विचारता लोड काढायचा. तो माणूस पंधरा वर्षांचा हेल्पर असला तरी हाच नियम. पुढच्या वर्षांत तो हात किती तरी वेळा उगाच वर झाला असेल. मी त्याबद्दल कुणाला कधी बोललो नाही.

तुमच्या ट्रॅक्टरपुरतं दोन गोष्टी आठवणीने करा. रेडिएटर बाहेरून दिसतो तेवढाच साफ करू नका. कापसाची रुई आणि केळीच्या बागेतली धूळ तेलात भिजून जाळीच्या आतल्या बाजूला नमद्यासारखी बसते, ती इंजिनाच्या बाजूने पाणी मारूनच निघते. ४५ एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर असताना २५ किलोवॅटच्या आसपास उष्णता नुसत्या पाण्यात जाते, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे बारा गीझर एकदम चालू. ती सगळी त्या जाळीतूनच बाहेर पडायची असते. दुसरं, क्रँक ग्राइंड झालाय म्हणता, तर डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नका. ऑइल प्रेशरचा खरा मीटर लावून घ्या. इंजिन गरम असताना दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, हा आमचा जुना अंदाज. २,००० आरपीएमला काटा १२ वर आला तर लोड देऊच नका, आधी बेअरिंग उघडा.

प्रश्न : माझी सात सीटर डिझेल गाडी, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली, धुळे-सुरत भाड्याने चालते. कोंडाईबारी घाटात ताकद कमी पडते म्हणून एका ठिकाणी डायनोवर ईसीयू रीमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून) घेतला. चौथ्या रनला शिट्टीसारखा आवाज आला, निळा-पांढरा धूर झाला आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला. ते म्हणतात, "तुमचं इंजिन आधीच कमजोर होतं." खर्च कुणी करायचा?
– एक टॅक्सीमालक, धुळे

उत्तर : गाडी न बघता निवाडा देणं बरोबर होणार नाही. पण कुणाला काय विचारायचं ते सांगतो.

ते म्हणतात ते खरं असू शकतं. एवढ्या किलोमीटरनंतर टर्बोच्या दांड्याला ढिलेपणा आलेला असतोच. तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. रीमॅपमध्ये बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला की फेरे आणखी वाढतात. पण मग माझा प्रश्न असा की हे त्यांना माहीत होतं, तर त्यांनी आधी तपासलं का? इनलेटचा पाइप काढून दांडा बोटाने हलवून बघायला दहा मिनिटं लागतात. ब्रीदरमधून किती वाफ येते, कॉम्प्रेशन किती आहे, तेल शेवटचं कधी बदललं, हे त्यांनी विचारलं का? विचारून कुठे लिहिलं का? न तपासता चढवलेली गाडी "आधीच कमजोर होती" असं नंतर म्हणणं मला पटत नाही.

चारही रनची कॉम्प्युटरवरची नोंद मागा. बूस्ट किती मागितला आणि किती मिळाला, दोन रनमध्ये किती मिनिटं गेली, सायलेन्सरमधल्या वायूचं तापमान मोजलं होतं का, हे त्यात दिसेल. पेट्रोलला कोरडं मिश्रण तापवतं, डिझेलचं उलट आहे. डिझेल जास्त ओतलं की उष्णता वाढते आणि काळा धूर येतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वाचतो तो केवळ रिंगा आणि तेल त्याची उष्णता सतत ओढून नेतात म्हणून. टर्बोच्या तोंडाशी काटा सातशेच्या वर टिकायला लागला की मी लोड काढतो. त्यांच्याकडे तो काटाच नसेल, तर त्यांनी अंधारात गाडी हाकली.

रन संपल्यावर इंजिन लगेच बंद केलं होतं का, हेही आठवा. दोन मिनिटं मंद चालू ठेवलं नाही तर लालभडक टर्बोमध्ये तेल तिथल्या तिथे जळून कोळसा होतं. चार रननंतर तसं चार वेळा झालं असेल, तर बेअरिंग उघडल्यावर तो कोळसा दिसेल. जुना टर्बो फेकू देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे.

निळा धूर म्हणजे टर्बोचं सील जाऊन तेल इंजिनात शिरलं. या वेळी आणखी भयंकर होऊ शकलं असतं. डिझेल इंजिन ते तेलच जाळायला लागतं, आरपीएम आपोआप चढतात आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. हवा बंद केली तरच ते थांबतं. डायनोवाल्याकडे इनलेट बंद करायला लाकडी फळी किंवा झाकण हाताशी असतं का, हे पुढच्या वेळी आधी बघा. तिथं कधीही हाताचा पंजा लावायला जाऊ नका.

बोलून मिटलं तर उत्तम. अर्धा-अर्धा खर्च वाटून घेतलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. नाहीच मिटलं तर धुळ्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तुम्ही आधी जबाबदारी आमची नाही अशा कागदावर सही केली असेल, तरी त्याने दुसऱ्याचा निष्काळजीपणा माफ होतो असं मी मानत नाही. वकिलाला तो कागद दाखवा.

रीमॅपबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. गाडी भाड्याची आहे, ड्रायव्हरशिवाय सहा माणसं बसतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत असा फेरफार करायला मर्यादा आहेत, आणि विम्याच्या वेळी तो आडवा येतो. कोंडाईबारीला ताकद कमी पडत होती, तर आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप, एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासायला हवे होते. २ लाख ४० हजारांना चारातला एक इंजेक्टर तरी दमलेला असतोच. नवा टर्बो बसवताना मूळ मॅप परत घाला, ही माझी विनंती समजा. आणि इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल पूर्ण काढल्याशिवाय गाडी चालू करू देऊ नका, नाहीतर पहिल्याच स्टार्टला ते सगळं इंजिनात जाईल.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश असतं. अशा दिवसांत डायनोवर गाडी चढवावी का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ट्यूनिंगसाठी नको, पावसाळ्यानंतर या. नुसतं तपासायचं असेल तर सकाळी सहाला.

४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते, त्यामुळे ताकद तशीच कमी भरते. कॉम्प्युटर गणित करून आकडा वाढवून दाखवतो, पण इंजिन मात्र ती तापलेली हवाच ओढत असतं, आणि पेट्रोल गाडीत नॉकिंग अशाच हवेत लवकर सुरू होतं. डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज आला की अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, रन अर्धवट राहिला तरी चालेल.

पाण्याच्या डायनोला दुसरीही अडचण आहे. इंजिनाची सगळी ताकद शेवटी त्या पाण्यात उष्णता होऊन जाते. ४० एचपीच्या रनने दोन हजार लिटरच्या टाकीचं पाणी तासाभरात १२-१३ अंशांनी चढतं, आणि मे महिन्यात ते सुरुवातीलाच कोमट असतं. आम्ही मेच्या दुपारी डायनो बंदच ठेवायचो. गिऱ्हाईक रागवायचं, चहा पिऊन परत जायचं.

आणि रन झाल्यावर पाणी बघायची घाई करू नका. बॉनेट उघडून गाडी अर्धा तास सावलीत उभी राहू द्या, रेडिएटरचं झाकण त्यानंतर. माझ्या डाव्या मनगटावर १९८६ सालचा डाग आहे, तो अशाच एका झाकणाचा.